स्वमग्न मुलांसाठी माध्यमिक शाळेची निवड

स्वमग्न मुलांसाठी माध्यमिक शाळेची निवड म्हणजे स्वमग्नता असलेल्या विद्यार्थ्याने प्राथमिक शिक्षणानंतर कोणत्या शाळेत, कोणत्या माध्यमातून आणि कोणत्या मंडळाच्या परीक्षेसाठी शिकावे, याविषयी पालक, शिक्षक व तज्ज्ञ यांनी मिळून घ्यावयाचा निर्णय होय. बहुतेक मुलांच्या बाबतीत गावातील शाळा संपली की जवळचे हायस्कूल आपोआप ठरते. स्वमग्न मुलाच्या बाबतीत मात्र याच वळणावर शिक्षण सुटण्याचा धोका मोठा असतो. प्रस्तुत लेखात हा विषय मुख्यतः पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या संदर्भात मांडला आहे. कायदे व परीक्षांविषयीची माहिती महाराष्ट्रात सर्वत्र लागू पडते.

स्वमग्नता

स्वमग्नता किंवा ऑटिझम ही मेंदूच्या विकासाशी निगडित, जन्मभर राहणारी अवस्था आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणांवर आधारित निबंध प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी हान्स आस्परगर यांचे लेखन प्रकाशित झाले. तेथून या अवस्थेची स्वतंत्र ओळख वैद्यकशास्त्रात रुजली. संवाद व सामाजिक देवाणघेवाण यांतील अडचणी, ठरावीक क्रमाचा आग्रह, विशिष्ट विषयांची तीव्र ओढ आणि आवाज, प्रकाश, स्पर्श किंवा वास यांबाबतची कमीअधिक संवेदनशीलता ही तिची प्रमुख लक्षणे होत. २०१३ सालापासून अमेरिकी मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात तिचे पूर्वीचे वेगवेगळे प्रकार एकाच वर्णपटाखाली घेतले गेले आहेत. त्यामुळे 'स्वमग्न मूल' या एकाच नावाखाली अजिबात न बोलणारे मूल आणि रेल्वेचे सगळे वेळापत्रक तोंडपाठ असणारे मूल अशी दोन्ही येतात. एकाला मानवलेली शाळा दुसऱ्याला मानवेलच असे नाही.

माध्यमिक टप्प्याचे वेगळेपण

प्राथमिक शाळेत, विशेषतः जिल्हा परिषदेच्या लहान शाळेत, एकच गुरुजी वा बाई दिवसभर वर्गावर असतात. मुलाच्या सवयी त्यांना ठाऊक होतात. अमुक मुलगा घंटा वाजली की कान झाकतो, तमुक मुलगी प्रश्न विचारल्यावर थोडा वेळ गेल्याशिवाय उत्तर देत नाही, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. वर्गातील इतर मुलेही पहिलीपासून सोबत असल्याने त्यांना त्याचे नवल उरलेले नसते.

हायस्कूलमध्ये हा आधार एका उन्हाळ्यात नाहीसा होतो. दर तासिकेला शिक्षक बदलतात आणि प्रत्येकाची शिकवण्याची रीत, आवाजाची पट्टी, शिस्तीची कल्पना निराळी असते. तुकडीत अनेक गावांची मुले एकत्र येतात. पाठांतरावर निभावलेले विषय आता अर्थ लावण्याची अपेक्षा करू लागतात: भाषेत स्वमत, इतिहासात कारणमीमांसा, भूमितीत सिद्धता. याच सुमारास मूल वयात येते. चिडवणे, टोपणनावे, 'अमुक कर, मग तुला आमच्यात घेतो' अशी फसवणूक यांना स्वमग्न मुले सहज बळी पडतात, कारण समोरच्याच्या बोलण्यातील छुपा हेतू ओळखणे त्यांना अवघड जाते. मुलींच्या बाबतीत स्वमग्नतेचे निदान पुष्कळदा उशिरा होते. 'लाजाळू', 'एकलकोंडी' अशा विशेषणांखाली ती झाकली जाते आणि अडचण प्रथम आठवी-नववीत उघडी पडते.

सातवीपर्यंत बरे चाललेले मूल आठवीत एकाएकी शाळेला जाण्यास नकार देऊ लागले, तर तो आळस किंवा हट्ट समजला जातो. प्रत्यक्षात मुलाची क्षमता तीच असते. बदललेली असते ती शाळेच्या दिवसाची घडण. माध्यमिक शाळा निवडताना निकालाच्या टक्केवारीपेक्षा या घडणीकडे आधी पाहावे लागते, ते या कारणाने.

मुळशी तालुक्यातील परिस्थिती

मुळशी तालुक्याचे मुख्यालय पौड येथे आहे. तालुक्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग शाळांच्या दृष्टीने जवळजवळ दोन वेगळे प्रदेश ठरतात. पूर्वेकडे हिंजवडी, माण, मारुंजी या भागात माहिती-तंत्रज्ञान उद्योगामुळे नागरी वस्ती वाढली. भूगाव, भुकूम, पिरंगुट हा पट्टाही पुण्याला जोडला गेल्यासारखा आहे. येथे खाजगी, विनाअनुदानित, इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत. पश्चिमेकडे कोळवण, मुठा व मोसे खोरी, मुळशी धरणाचा परिसर आणि ताम्हिणी घाटाकडील वाड्यावस्त्या येतात. १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, त्याच्या जलाशयाभोवती वस्त्या विखुरलेल्या आहेत. या भागात जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा गावात असते. माध्यमिक विद्यालय मात्र बहुधा मोठ्या गावी, खाजगी संस्थेने चालवलेले व अनुदानित असते.

त्यामुळे शाळा बदलणे याचा पश्चिम मुळशीतील अर्थ प्रवास सुरू होणे असाही असतो. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि मुळशीत तोच मुसळधार पावसाचा काळ. गाडी वेळेवर येत नाही, रस्ता बदलतो, वर्गावर पत्रे असतील तर पावसाच्या आवाजात शिक्षकांचे बोलणे ऐकू येत नाही, ओले कपडे अंगाला चिकटून राहतात. ठरावीक क्रमावर ज्याचा दिवस उभा आहे आणि ज्याला मोठा आवाज सोसत नाही, अशा मुलाला नव्या शाळेची ओळख नेमकी या आठवड्यांत होते. एप्रिल-मे महिन्यात, परीक्षा आटोपल्यावर शाळा शांत असताना मुलाला तीन-चार वेळा तेथे नेऊन आणणे हा साधा उपाय त्यामुळे विशेष उपयोगी पडतो. गाडीचा थांबा, फाटक, स्वच्छतागृह, पाण्याची जागा आणि बसावयाचा बाक ही माहिती मुलाला आधीच असली, तर पहिल्या दिवशीचा अनोळखीपणा पुष्कळच कमी होतो.

विशेष शाळा मुख्यतः पुणे शहरात आहेत. पौडपासून शहर सुमारे ३० किलोमीटरवर आहे; घाटाकडील गावांना हे अंतर दुपटीच्या आसपास जाते. रोज एवढा प्रवास करून शाळेत पोहोचलेले मूल शिकण्याच्या स्थितीत असते का, हा प्रश्न शाळा कितीही चांगली असली तरी विचारावाच लागतो.

कायदेशीर चौकट

१९९५ च्या अपंग व्यक्तीविषयक अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने प्रथम तिची स्वतंत्र दखल घेतली. १९ एप्रिल २०१७ रोजी अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद असून स्वमग्नता त्यांपैकी एक आहे.

पालकांचा सर्वाधिक गोंधळ होतो तो वयोमर्यादेविषयी. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा ६ ते १४ वर्षे वयासाठी, म्हणजे साधारणतः आठवीपर्यंत आहे. या कायद्यातील २५ टक्के राखीव जागांचा प्रवेशही शाळेच्या सुरुवातीच्या वर्गातच मिळतो. आठवी-नववीत नव्याने मिळत नाही. अशा जागेवर खाजगी शाळेत शिकलेल्या मुलाला नववीपासून शुल्क भरावे लागते आणि शाळा बदलण्याचा प्रश्न नेमका तेव्हा उभा राहतो. परंतु २०१६ च्या अधिनियमाचे कलम ३१ पुढे जाते. लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व, असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला नजीकच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, स्वतःच्या निवडीनुसार, मोफत शिक्षणाचा हक्क त्यात दिला आहे. 'स्वतःच्या निवडीनुसार' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मुलाला विशेष शाळेत घालावे की गावातल्या शाळेत, हे मुख्याध्यापकांनी परस्पर ठरवावयाचे नाही. कलम १६ नुसार शासकीय अनुदान वा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, गरजेनुसार सोयी पुरवाव्यात, अशी तरतूद आहे. कलम १७ मध्ये अभ्यासक्रम व परीक्षापद्धतीत बदल, जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे.

हे हक्क बजावण्यासाठी प्रमाणपत्र लागते. स्वमग्नतेच्या मोजमापासाठी भारतात सहा विभागांत ४० बाबी असलेली मापनपट्टी वापरतात. प्रत्येक बाबीला १ ते ५ गुण दिले जातात. एकूण ७० पेक्षा कमी गुण असल्यास स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र असे मानले जाते. अर्ज ऑनलाइन करून शासकीय रुग्णालयात तपासणी होते. पुणे जिल्ह्यात औंध येथील जिल्हा रुग्णालय आणि ससून सर्वोपचार रुग्णालय ही त्यासाठीची परिचित ठिकाणे आहेत. त्यातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र मिळते. 'मुलावर शिक्का बसेल' या भीतीने अनेक कुटुंबे प्रमाणपत्र टाळतात. भीती समजण्यासारखी आहे. पण प्रमाणपत्राअभावी दहावीच्या सवलती हातच्या जातात आणि तोवर धावपळ करण्यास वेळ उरलेला नसतो.

२०१८ सालापासून राबवल्या जाणाऱ्या समग्र शिक्षा योजनेत पहिली ते बारावीच्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी समावेशित शिक्षणाची तरतूद आहे. तालुक्याच्या गटसाधन केंद्राशी संलग्न विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात. पात्र मुलांना प्रवासभत्ता व मदतनीस भत्ताही मिळू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी दिलेल्या निर्णयात प्राथमिक स्तरावर दर १० आणि वरच्या स्तरावर दर १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. खेड्यातील हायस्कुलात तुरळकच अशी मुले असली, की व्यवहारात फिरत्या शिक्षकाच्या भेटींवरच भिस्त राहते. गटसाधन केंद्रातील नोंद नव्या शाळेपर्यंत आपोआप पोहोचेल असे गृहीत धरू नये. पालकांनी मुलाची कागदपत्रे व विशेष शिक्षकांचे टिपण स्वतः नेऊन द्यावे, हे इष्ट.

उपलब्ध पर्याय

जवळचे अनुदानित हायस्कूल हा पश्चिम मुळशीतील बहुतेकांचा पहिला आणि पुष्कळदा एकमेव पर्याय असतो. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पटसंख्या मर्यादित असते, शिक्षक वर्षानुवर्षे तेच असतात, गावची भावंडे वा शेजारची मुले सोबत असतात. उणीव असते ती प्रशिक्षणाची आणि स्वतंत्र खोलीची. पूर्वेकडील खाजगी शाळांत, विशेषतः केंद्रीय मंडळाशी संलग्न शाळांत, विशेष शिक्षक नेमणे अपेक्षित असते. तथापि नेमणूक कागदोपत्री आहे की तो शिक्षक खरोखर मुलांसोबत काम करतो, हे पाहूनच समजते. काही शाळा मुलासोबत दिवसभर बसणारा मदतनीस, ज्याला शॅडो टीचर म्हणतात, पालकांनी स्वखर्चाने ठेवावा अशी अट घालतात. हा खर्च शाळेच्या शुल्काहून जड होऊ शकतो. शिवाय मदतनीस सतत खेटून असला तर वर्गातील मुले आणि शिक्षकही त्या मुलाशी बोलेनासे होतात.

महाराष्ट्रातील अनुदानित विशेष शाळांचे वर्गीकरण परंपरेने अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग आणि मतिमंद असे होत आले. स्वमग्नतेला त्यात स्वतंत्र स्थान नसल्याने ही मुले पुष्कळदा बौद्धिक अक्षमतेसाठीच्या शाळांत दाखल होतात. पुण्यात गोखलेनगर येथील कामायनी ही या क्षेत्रातील जुनी संस्था होय. प्रसन्न ऑटिझम सेंटर हे केवळ स्वमग्नतेसाठी काम करणारे केंद्रही पुण्यात आहे. विशेष शाळांचे काम शालेय शिक्षण विभागाकडे नसून दिव्यांग कल्याण विभागाकडे असते. २०२२ साली महाराष्ट्रात हा विभाग स्वतंत्र झाला; त्यापूर्वी हे काम सामाजिक न्याय विभाग पाहत असे. या शाळांत स्वावलंबन, संवाद व व्यवसायपूर्व कौशल्ये यांवर भर असतो. दहावीच्या परीक्षेकडे जाणारा सरळ रस्ता तेथून नसतो. ज्या मुलाला वाचन-गणिताची गती आहे त्याला केवळ वर्तनामुळे विशेष शाळेत पाठवणे, किंवा ज्याला जेवणे-कपडे यांतच मदत लागते त्याला केवळ लोकलज्जेस्तव हायस्कुलात बसवणे, या दोन्ही गोष्टी मुलाची वर्षे वाया घालवणाऱ्या आहेत.

तिसरी वाट मुक्त विद्यालयाची. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ साली स्थापन झाली. तिच्या माध्यमिक परीक्षेस १४ वर्षे पूर्ण केलेला विद्यार्थी बसू शकतो. पाच विषय पुरेसे असतात आणि गणित-विज्ञानाचे बंधन नसते. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात; एका वेळी एक-दोन विषय देता येतात व उत्तीर्ण विषयांचे गुण जमा राहतात. चित्रकला किंवा गृहविज्ञान यांसारखे विषय निवडून दहावी पूर्ण करणे अनेक स्वमग्न मुलांना त्यामुळे जमते. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ २०१७ साली स्थापन झाले. त्याच्या परीक्षा पाचवी व आठवीच्या स्तरापासून आहेत. राज्य मंडळाकडे सतरा नंबरचा अर्ज भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीस बसण्याची सोयही जुनीच आहे. या वाटेत मुलाला रोजची शाळा नसते. घर आणि शेत यांपलीकडे त्याचा कोणाशी संबंध उरत नाही आणि शिकवण्याचा सारा भार बहुधा आईवर पडतो, याचा विचार आधी करावा.

तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यात आला. तो मुलाच्या गरजेसाठी आहे. शाळेला मूल नको म्हणून सुचवण्यासाठी नाही.

माध्यम

ग्रामीण भागातील अनेक हायस्कुलांत आता सेमी-इंग्रजी तुकडी असते. गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवले जाते. हुशार मुले त्या तुकडीत, असा समज असल्याने पालकांचा ओढा तिकडे असतो. भाषेचे आकलन हीच ज्याची मूळ अडचण आहे अशा मुलाच्या बाबतीत आठवीत माध्यम बदलल्यास विषय आणि भाषा अशी दुहेरी ओझी एकदम येतात. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने मराठीतूनच पुढे शिकावे, हे सर्वसाधारणपणे हिताचे. अपवाद आहेत. काही स्वमग्न मुले संगणकावरील चित्रफितींतून इंग्रजी आपसूक शिकतात आणि त्यांना इंग्रजी वाचनच सोपे जाते. तेथे मुलाचा कल पाहावा.

शाळा पारखताना

शाळा पाहण्यास मधल्या सुट्टीच्या वेळी जावे. तासिका चालू असताना सगळ्याच शाळा शांत दिसतात. शेकडो मुले एकदम मैदानात आली म्हणजे एकट्या मुलाला कोठे बसता येईल, शिक्षक तेथे हजर असतात का, स्वच्छतागृहाला कडी आहे का, हे तेव्हाच कळते. 'आमच्याकडे सगळी मुले सारखीच' हे उत्तर ऐकायला गोड असले तरी त्यातून पुरेशी तयारी दिसत नाही. 'त्याला त्रास झाला तर त्याने कोणाकडे जायचे?' या प्रश्नाला एखाद्या शिक्षकाचे, ग्रंथपालाचे किंवा शिपाईमामांचे नाव उत्तरादाखल मिळाले, तर ती शाळा विचारात घेण्याजोगी आहे. एक समजूतदार मनुष्य आणि एक शांत कोपरा एवढ्या बळावर कित्येक मुले दहावीपर्यंत पोहोचतात.

मुलाविषयीची माहिती एका पानात लिहून प्रत्येक विषयशिक्षकाला देण्याची पद्धत उपयुक्त आहे. काय आवडते, कशाने घाबरते, घाबरल्यावर काय करावे आणि काय करू नये, एवढेच त्यात असावे. वैद्यकीय अहवालांची बाडे कोणी वाचत नाही. घंटेपूर्वी दोन मिनिटे वर्ग सोडू देणे, प्रार्थनेच्या वेळी रांगेच्या टोकाला उभे करणे, वेळापत्रक चित्रांसह वहीवर चिकटवणे, तोंडी सूचना फळ्यावरही लिहिणे, या सोयींना पैसा लागत नाही. त्यांना शाळेची संमती आधीच, शक्य तर लेखी, घ्यावी. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा असा जो शब्द वापरला जातो, त्याचा गाभा हाच.

मुलाला विचारणे बहुधा राहून जाते. न बोलणारे मूलही दोन शाळांची छायाचित्रे समोर ठेवली असता, किंवा तेथे गेल्यावरच्या वागण्यातून, पसंती दाखवू शकते. नव्या शाळेचा प्रवेश निश्चित झाल्याखेरीज जुन्या शाळेतून दाखला काढू नये, ही व्यवहारातील खबरदारी.

दहावीची परीक्षा

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाकडून स्वमग्न विद्यार्थ्यांना सवलती मिळतात. तासाला २० मिनिटे जादा वेळ, खालच्या इयत्तेतील लेखनिक, आकृत्या व नकाशे यांतून सूट, गणकयंत्राचा वापर, भाषाविषयातील सूट आणि गणिताऐवजी खालच्या स्तराचे अंकगणित व जोडीला कार्यशिक्षणाचा विषय, या त्यांपैकी प्रमुख होत. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. म्हणून नववीतच तयारी सुरू करावी लागते. सवलत घेण्याची सक्ती नसते. गणित सोडल्यास विज्ञान शाखा व तंत्रनिकेतनाच्या वाटा बंद होतात. ज्या मुलाला आकड्यांची ओढ आहे त्याच्यासाठी सरसकट सगळ्या सवलती मागणे नुकसानीचे ठरते.

परीक्षा केंद्र पुष्कळदा दुसऱ्या गावच्या शाळेत असते. अनोळखी इमारत, अनोळखी पर्यवेक्षक आणि शेजारी अनोळखी लेखनिक अशी तिहेरी अडचण त्यामुळे उभी राहते. लेखनिकाबरोबर नववीपासून सराव करून घेणे आणि केंद्र आधी दाखवून आणणे यांचा परिणाम गुणांवर प्रत्यक्ष दिसतो. स्वमग्न मुलाला मनातले उत्तर दुसऱ्याला सांगून लिहवून घेणे हे स्वतंत्र कौशल्य म्हणून शिकावे लागते.

शाळेनंतर

अकरावी, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, संरक्षित कार्यशाळा किंवा घरचा व्यवसाय, असे पुढचे मार्ग आहेत. उच्च शिक्षणात लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. मुळशी तालुक्यातच कोळवण खोऱ्यात साधना व्हिलेज ही संस्था बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी निवासी समुदाय चालवते. शेती, गोठा, हस्तकला यांत तेथील रहिवासी सहभागी होतात.

विद्यार्थी १८ वर्षांचा झाला की कायद्याने सज्ञान होतो आणि आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. ज्या तरुणाला निर्णय घेण्यास कायम आधार लागतो, त्याच्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली कायदेशीर पालक नेमता येतो. त्याचा अर्ज जिल्हा स्तरावरील स्थानिक समितीकडे करावयाचा असतो.